मास्तरांच्या मास्तरांची संघटना

बीएड केलेल्या कुणालाही विचारा, शेवटच्या बाकावर बसलेली ती व्यक्ती त्याला हमखास आठवते. पुढे सातवी ब चा वर्ग, फळ्यापाशी आपण, टेबलावर पाठ टाचणाची वही, आणि मागे मांडीवर निरीक्षण वही उघडून सतत काहीतरी लिहिणारे सर किंवा मॅडम. तास संपला की शेरा हातात यायचा: ‘फलकलेखन सुधारा’, ‘प्रश्नांचे वितरण असमान’, ‘समारोप घाईत’. मुलांना वाटायचं शाळा तपासायला साहेब आलेत. आपल्याला वाटायचं मार्क कापायला आलेत.

मी बरीच वर्षं त्या शेवटच्या बाकावर बसले आहे. बाक लहान मुलांच्या मापाचा असतो, गुडघे दुखतात. पण त्याहून अवघड भाग वेगळा होता. तिथे बसून मी नेमकं कोणतं काम करते आहे हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि ज्यांच्याशी बोलावं असे लोक माझ्या कॉलेजात दोन-चारच होते. शिक्षक-प्रशिक्षकांची राज्यस्तरीय व्यावसायिक संघटना हा विषय निघाला की लोकांना आणखी एक मोर्चा, आणखी एक निवेदन दिसतं. मला ते गुडघे आठवतात.

आधी हे लोक कोण, ते पाहू. शाळेत मुलांना शिकवतो तो शिक्षक. त्या शिक्षकाला घडवतो तो शिक्षक-प्रशिक्षक. डीएड कॉलेजात, म्हणजे अध्यापक विद्यालयात, त्याला जुन्या पद्धतीने अध्यापकाचार्य म्हणतात. बीएड कॉलेजात तो प्राध्यापक असतो. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या ‘डाएट’मध्ये, तो अधिव्याख्याता असतो. गट साधन केंद्रातली विषय साधनव्यक्ती आणि दर महिन्याची शिक्षण परिषद घेणारा केंद्रप्रमुख हेही कामाने याच जातकुळीचे, जरी त्यांच्या नेमणुकीच्या पत्रावर तसं लिहिलेलं नसलं. विद्यापीठांच्या शिक्षणशास्त्र विभागातले प्राध्यापक, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या बीएडचे समुपदेशक, आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावाच्या, काळात छात्राध्यापकांना, म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, आपला वर्ग उघडून देणारे शाळेतले अनुभवी शिक्षक, हेही त्यात आले.

एकाच कामाचे इतके पोटभाग, आणि प्रत्येकाचा साहेब वेगळा. डीएडचा अभ्यासक्रम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद ठरवते, तो राज्यभर एकच. बीएडचा अभ्यासक्रम ज्या त्या विद्यापीठाचा, त्यामुळे मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर प्रत्येक ठिकाणी निराळा. कॉलेजला मान्यता देणारी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई, दिल्लीची. प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षाकडून. पगार कुठे शासनाकडून, कुठे संस्थेकडून, आणि कुठे कसा येतो ते विचारू नये.

आता एक उदाहरण, कारण यातली खरी गुंतागुंत उदाहरणाशिवाय कळत नाही.

सहावी-सातवीच्या गणितात अपूर्णांकांचा भागाकार येतो. पाऊण भागिले अर्धा. छात्राध्यापक फळ्यावर झटकन करून दाखवतो: दुसरा अपूर्णांक उलटा करा, गुणा, उत्तर दीड. एक मुलगी हात वर करते आणि विचारते, ‘सर, भागाकार केल्यावर उत्तर मोठं कसं आलं?’ छात्राध्यापक म्हणतो, ‘नियमच तसा आहे.’ तास पुढे सरकतो.

शाळेतल्या चांगल्या शिक्षकाला इथे काय करायचं ते ठाऊक असतं. पाऊण लिटर दूध आहे, अर्ध्या लिटरच्या बाटल्या आहेत, किती बाटल्या भरतील? एक पूर्ण आणि दुसरी अर्धी. दीड. मुलीचं समाधान होतं.

शेवटच्या बाकावरच्या बाईंचं काम मात्र इथे सुरू होतं. तो बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा ‘नियमच तसा आहे’ का म्हणाला? त्याला दुधाचं उदाहरण सुचलं नाही, की भागाकार म्हणजे ‘कितीदा मावतं’ हे त्याच्याच डोक्यात कधी बसलेलं नव्हतं? की ते माहीत होतं, पण मागे कुणीतरी वही घेऊन बसलंय आणि टाचणातले मुद्दे अजून तीन उरलेत म्हणून तो घाबरला? तिन्हींवर उपाय वेगळे. पहिल्याला उदाहरणांचा साठा द्यावा लागतो. दुसऱ्याला गणितच पुन्हा शिकवावं लागतं, आणि तेही त्याचा अपमान न करता, कारण तो बीएस्सी झालेला असतो. तिसऱ्याच्या बाबतीत दोष आपल्या वहीचा असतो. आणि हे सगळं पाठानंतरच्या दहा मिनिटांच्या चर्चेत, शाळेच्या व्हरांड्यात उभं राहून, पुढच्या मुलीचा पाठ सुरू व्हायच्या आत करायचं.

मुलांना शिकवणं हे एक कौशल्य, आणि शिकवणाऱ्याला शिकवणं हे त्याच्यावर रचलेलं दुसरं. पहिलं येतं म्हणून दुसरं येईलच असं नाही. तरी आपल्याकडे दुसऱ्याची वेगळी तयारी जवळजवळ नसते. एमएड करा, नेट किंवा सेट व्हा, मुलाखत द्या, दुसऱ्या दिवशी शेवटच्या बाकावर. एमएडला शिक्षणाचं तत्त्वज्ञान असतं, संख्याशास्त्र असतं, लघुप्रबंध असतो. घाबरलेल्या छात्राध्यापकाशी व्हरांड्यात काय बोलावं, हे फारसं नसतं.

मग हे ज्ञान कुठे असतं? प्रत्येकाच्या कपाटात. वीस वर्षं पाठ पाहिलेल्या माणसाला माहीत असतं की क्षेत्रफळ आणि परिमितीच्या पाठात दहातले सात जण कुठे घसरतात, भाषेच्या पाठात कवितेचं वाचन कुणाचं रटाळ होतं आणि का. तो माणूस निवृत्त होतो, निरीक्षण वह्या रद्दीत जातात, नवीन माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. डॉक्टरांनी असं केलं असतं तर आपण त्यांच्याकडे गेलो नसतो.

हे एकटेपण काही आजचं नाही. १९६४ ते १९६६ या काळात डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली जो शिक्षण आयोग बसला, त्याचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. त्या अहवालातल्या अध्यापक शिक्षणाच्या प्रकरणाचा मुख्य सूर हाच आहे. प्रशिक्षण संस्था तीन बाजूंनी तुटलेल्या आहेत, असं आयोगाने म्हटलं: विद्यापीठांच्या वैचारिक जीवनापासून, शाळांच्या रोजच्या जीवनापासून, आणि एकमेकींपासून. साठ वर्षं झाली. पहिल्या दोन भिंतींवर थोडंफार काम झालं. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत डाएट उभ्या राहिल्या, त्या शाळेच्या जवळ जाण्यासाठीच. २०१४ च्या नियमांनी बीएड दोन वर्षांचा केला आणि त्यात वीस आठवडे शाळेत काढायला लावले. तिसऱ्या भिंतीकडे मात्र कुणी फारसं फिरकलं नाही. डीएडच्या अध्यापकाचार्याला बीएडचा प्राध्यापक ‘आपला’ वाटत नाही, प्राध्यापकाला डाएटचा माणूस सरकारी वाटतो, आणि डाएटवाल्याला दोघेही पुस्तकी वाटतात. राज्यस्तरीय संघटना ही त्या तिसऱ्या भिंतीसाठीची गोष्ट आहे.

देशपातळीवर या कल्पनेचा इतिहास जुना आहे. १९५० साली बडोद्यात देशातल्या ट्रेनिंग कॉलेजांची पहिली परिषद भरली होती. इंडियन असोसिएशन ऑफ टीचर एज्युकेटर्स ही राष्ट्रीय संघटनाही आहे. मग राज्याची वेगळी कशाला? कारण शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत असलं, तरी शिक्षक-प्रशिक्षकाला रोज ज्या गोष्टींशी झुंजावं लागतं त्यातल्या बहुतेक राज्याच्या हातात असतात. शाळेची पाठ्यपुस्तकं बालभारतीची. पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, राज्य परीक्षा परिषदेची, २०१३ पासून. शिक्षक भरती पवित्र पोर्टलवरून. आंतरवासितेसाठी शाळा मिळवायच्या तर शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र लागतं. आणि भाषा मराठी. नाशिकच्या बीएड कॉलेजातली अडचण नांदेडच्या कॉलेजला जशी कळेल तशी चेन्नईला कळणार नाही. गोव्यात गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बीएड कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, सगळे एकमेकांना ओळखतात, फोन उचलला की काम होतं. महाराष्ट्राच्या आकारात ते जमत नाही.

इथे एक घोळ सोडवायला हवा, कारण तो न सुटल्यामुळेच अशा बऱ्याच संघटना सुरुवातीलाच वाकड्या होतात. व्यावसायिक संघटना म्हणजे कर्मचारी संघटना नव्हे.

कर्मचारी संघटना वेतन, सेवाज्येष्ठता, पेन्शन, बदल्या यांसाठी भांडते. ते भांडण आवश्यक आहे, विशेषतः विनाअनुदानित कॉलेजात अर्ध्या पगारावर सही पूर्ण पगाराची करणाऱ्यांसाठी. कायदा तिथे फारसा मदतीला येत नाही. गोव्यातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतला ‘कामगार’ नाही असा निकाल दिला होता. म्हणून शिक्षकांच्या संघटना रस्त्यावर, न्यायाधिकरणात आणि विधान परिषदेत लढतात. आपल्या विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार असतात. माध्यमिक किंवा त्यावरच्या पातळीच्या संस्थेत गेल्या सहा वर्षांतली किमान तीन वर्षं शिकवलेल्यांना त्यात मत असतं, म्हणजे बीएडच्या प्राध्यापकालाही.

एनसीटीई ही नियामक संस्था. ती मान्यता देते, काढून घेते, किती विद्यार्थ्यांमागे किती प्राध्यापक हवेत ते ठरवते. दोन तुकड्यांच्या बीएड कॉलेजात, म्हणजे दोन्ही वर्षांचे मिळून २०० विद्यार्थी असताना, १६ पूर्णवेळ प्राध्यापक हवेत असा २०१४ चा नियम होता. (किती कॉलेजात सोळा माणसं प्रत्यक्ष खुर्चीत बसलेली दिसली, हे ज्यांनी पाहणी समितीचा दिवस अनुभवला आहे त्यांनी मनातल्या मनात मोजावं. त्या दिवशी सोळाच असतात.)

व्यावसायिक संघटना या दोन्हींच्या मधली. तिचा विषय काम. आपलं काम चांगलं कसं होतं, कोण ते करायला लायक आहे, नवीन माणसाला ते कसं शिकवायचं, आणि कामाबद्दल बाहेरचे लोक काही ठरवत असतील तर आतल्यांचं म्हणणं कुणी मांडायचं.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्राला नीट कळायला हवा, कारण देशातल्या अध्यापक शिक्षणावरची अलीकडची सर्वांत कडक चौकशी आपल्याच राज्यातल्या प्रकरणातून निघाली. डीएड कॉलेजांचं पीक गावोगाव आलं तो काळ आठवत असेल. राज्यातल्या २९१ संस्थांच्या डीएड मान्यतेचा वाद उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि न्यायालयाने २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑगस्ट २०१२ मध्ये अहवाल आला. तपासलेल्या संस्थांपैकी बहुतांश नापास झाल्या. देशातल्या सेवापूर्व प्रशिक्षणाच्या सुमारे ९० टक्के संस्था खासगी क्षेत्रात आहेत, हेही त्यात नोंदलं गेलं. बीएडची मुदत वाढली ती याच अहवालानंतर.

गंमत बघा, हे दुखणं आत बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. इमारत दाखवायची एक आणि वर्ग दुसरीकडे, ग्रंथालयाची पुस्तकं पाहणीपुरती भाड्याची, हे स्टाफरूममध्ये सगळे बोलत. पण बोलणारा एकटा असेल तर त्याला संस्थाचालक दुसऱ्या दिवशी घरी बसवू शकतो. शे-दोनशे जणांच्या सहीचं, पुराव्यासह लिहिलेलं निवेदन एनसीटीईच्या पश्चिम विभागीय समितीकडे गेलं असतं तर ते बाजूला सारणं कठीण झालं असतं. ते काम शेवटी न्यायालयाला करावं लागलं.

आजही तशीच वेळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बीएड ही शिक्षकाची किमान पदवी करायचं ठरवलं आहे, आणि फक्त बीएड चालवणाऱ्या एकट्या कॉलेजांना बहुविद्याशाखीय व्हायला सांगितलं आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षकाच्या पदासाठी बीएड चालणार नाही, डीएडच हवं असा निकाल दिला. २०२५ च्या सुरुवातीला एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा हरकतींसाठी खुला केला, त्यात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांसाठी एक वर्षाचा बीएडही होता. दहा वर्षांपूर्वी एकाचे दोन केले, आता पुन्हा एक. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, ज्यात महाराष्ट्राचंही प्रकरण होतं, पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण होणं भाग पाडलं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या शिक्षकाला बालमानसशास्त्र पुन्हा कोण शिकवणार? क्लासवाले शिकवतील, आणि ते फक्त पेपर शिकवतील.

एक वर्षाच्या बीएडच्या मसुद्यावर तालुक्याच्या गावातला प्राध्यापक काय करणार? ईमेल पाठवेल. त्याचं एकट्याचं मत म्हणून ते जाईल, आणि मोजणीत एक आकडा होईल. संघटना असेल तर ती पन्नास कॉलेजांतून विचारू शकते की वीस आठवड्यांच्या आंतरवासितेतले शेवटचे आठ आठवडे काय घडतं. माझा अनुभव असा की पहिल्या महिन्यात छात्राध्यापक टाचणाकडे बघून शिकवतो, आणि वर्गाकडे बघायला लागतो तो खूप नंतर. हे एकटीचं मत आहे. पन्नास ठिकाणांहून नोंदी आल्या तर मसुदा करणाऱ्याला त्याचं काहीतरी करावं लागेल.

अमेरिकेत हे कसं घडलं ते थोडक्यात. तिथली असोसिएशन ऑफ टीचर एज्युकेटर्स ही संस्था १९२० सालची, आणि तिची मुळं विद्यापीठातल्या विद्वानांमध्ये नसून सराव पाठांची देखरेख करणाऱ्यांमध्ये आहेत. म्हणजे शेवटच्या बाकावरच्यांमध्येच. शिकवण्याचा परवाना तिथे राज्य देतं, म्हणून तिच्या राज्य शाखा महत्त्वाच्या ठरल्या. पुढे या संस्थेने शिक्षक-प्रशिक्षकासाठी नऊ मानकं तयार केली. पहिलं मानक मला फार आवडतं: जे शिकवायला सांगता ते स्वतः करून दाखवा. गटकार्यावर दोन तास व्याख्यान देणाऱ्या आपल्यासारख्यांना ते बोचतं.

नेदरलँड्समधली वेलॉन ही संघटना आणखी पुढे गेली. तिने शिक्षक-प्रशिक्षकांची एक नोंदवहीच उघडली. नाव नोंदवायचं तर आपण आपल्या कामाचं मानकांशी ताडून परीक्षण लिहायचं, पुढे काय शिकणार ते सांगायचं, आणि आपल्याच व्यवसायातल्या सहकाऱ्यांनी ते तपासायचं. सरकारी शिक्का नाही, साहेब नाही. आपल्याकडे हे लगेच चालेल असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे सहकाऱ्याने तपासलं म्हणजे सहकाऱ्याने पास केलं, असाच अर्थ व्हायची भीती जास्त.

तरी एक लहान सुरुवात शक्य आहे आणि ती आजवर मला कुठे नीट झालेली दिसली नाही: निरीक्षणाचं प्रपत्र. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकच कौशल्य घेऊन करायच्या छोट्या सराव पाठाचं, चक्र सगळीकडे एकच शिकवतात. सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रत्याभरण (म्हणजे फीडबॅक), बारा मिनिटं पुनर्नियोजन, सहा मिनिटं पुन्हा पाठ, सहा मिनिटं पुन्हा प्रत्याभरण, एकूण छत्तीस. पण त्या सहा मिनिटांत निरीक्षक काय बघतो, यावर कुणाचं एकमत नाही. एकाच पाठाची चित्रफीत पाच कॉलेजांतल्या पाच प्राध्यापकांना दाखवा आणि गुण द्यायला सांगा. मी माझ्या ओळखीच्या तिघींबरोबर एकदा हे घरी बसून केलं होतं. वीसपैकी एकीने अकरा दिले, एकीने सतरा. सतरावाली म्हणाली, ‘मुलं बोलत होती ना!’ अकरावाली म्हणाली, ‘म्हणूनच.’ आम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडलो, आणि माझ्या नोकरीतला तो सर्वांत उपयोगी सेमिनार होता. प्रमाणपत्र मिळालं नाही.

सेवेतल्या शिक्षकांच्या प्रशिक्षणातही हीच गोष्ट. राज्याला एक नवीन विषय द्यायचा असतो. राज्यस्तरावर तज्ज्ञ मार्गदर्शक तयार होतात, ते जिल्ह्याला सांगतात, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. लहानपणी खेळायचो त्या कानगोष्टींसारखं. पहिल्याच्या कानात ‘मुलाच्या चुकीतून त्याचा विचार शोधा’ असं सांगितलेलं असतं, शेवटच्या कानापर्यंत ‘फोटो अपलोड करा’ एवढंच पोहोचतं. २०१९ साली निष्ठा नावाचं जे देशव्यापी प्रशिक्षण सुरू झालं त्याचं लक्ष्य प्राथमिक स्तरावरच्या ४२ लाख शिक्षकांचं होतं. एवढ्या आकड्याला साखळीशिवाय पर्याय नाही, हे मान्य. पण साखळीतल्या मधल्या कड्यांनी, म्हणजे साधनव्यक्ती आणि डाएटच्या अधिव्याख्यात्यांनी, एकमेकांत बोलायची काही कायमची जागा हवी. प्रशिक्षण संपलं की तयार झालेला व्हॉट्सअॅप ग्रुप तीन महिन्यांत सुप्रभातच्या फुलांनी भरतो.

संघटना उभी करायची तर कागदोपत्री काम फार नाही. सात जण पुरतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली घटना, नियमावली आणि उद्देश लिहून धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात अर्ज करायचा. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, म्हणून दरवर्षी हिशेब तपासून द्यावे लागतात, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज भरावा लागतो. हा बदल अर्ज न भरल्यामुळे कित्येक चांगल्या संस्था पुढे दोन गटांच्या भांडणात वर्षानुवर्षं अडकतात. कोषाध्यक्ष कोण, यापेक्षा बदल अर्ज कोण भरणार हे आधी ठरवा.

खरी अडचण घटनेतल्या एका ओळीत असते: सभासद कोण होऊ शकतो? ‘अध्यापक महाविद्यालयांचे प्राचार्य’ असं लिहिलं की ती प्राचार्यांची संघटना होते, आणि प्राचार्याच्या मागे संस्थाचालक उभा असतोच. ‘मान्यताप्राप्त पूर्णवेळ प्राध्यापक’ लिहिलं की तासिका तत्त्वावरचे निम्मे लोक बाहेर. डाएट वगळली की सरकारकडे जायचा जवळचा रस्ता बंद. माझ्या मते दार रुंद ठेवावं: शिक्षकांना शिकवण्याचं काम जो पगारी किंवा मानधनावर करतो, तो सभासद. आंतरवासितेत छात्राध्यापकांना सांभाळणारे शाळेतले शिक्षकही त्यात यावेत. त्यांना आजवर त्या कामाबद्दल प्रमाणपत्राच्या कागदापलीकडे काही मिळालेलं मी पाहिलेलं नाही. संस्थाचालकांना मात्र पाहुणे म्हणून बोलवावं, सभासद म्हणून नको. यावर वाद होईल, झाला तर बरंच आहे.

आणि अधिवेशनाबद्दल. आपल्याकडे संघटना म्हणजे वार्षिक अधिवेशन, आणि अधिवेशन म्हणजे दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मंत्री उशिरा, स्मरणिका, जेवण, मग समांतर सत्रांत सात-सात मिनिटांचे पेपर. निम्मे लोक पदोन्नतीच्या गुणांसाठी आलेले असतात, त्यांचाही दोष नाही, विद्यापीठाने गणितच तसं मांडलं आहे. सकाळचा पेपर वाचून दुपारच्या गाडीने परत. अशा अधिवेशनांना मी गेले आहे, पेपरही वाचले आहेत. त्यातला एकही पेपर आज मला आठवत नाही. साताऱ्याच्या एका अध्यापकाचार्यांनी चहाच्या रांगेत सांगितलेली एक युक्ती मात्र आठवते: पाठानंतर आपण आधी बोलायचं नाही. छात्राध्यापकाला विचारायचं, ‘आज कोणतं मूल तुम्हाला दिसलंच नाही?’ मी पुढच्या आठवड्यापासून ते विचारायला लागले. पहिले दोन-तीन पाठ उत्तर येत नाही. मग एक दिवस मुलगा म्हणतो, ‘खिडकीपाशी निळ्या स्वेटरवाली बसली होती, तिचं नावच मला माहीत नाही.’

वर्गणी किती, कार्यालय पुण्यात की संभाजीनगरला, मुखपत्र छापील की नुसतं ईमेलवर, हे तपशील बसून ठरतील. पहिली सभा झाली तर मी तिथे एक गोष्ट घेऊन जाणार आहे. रद्दीवाल्याला न दिलेल्या माझ्या निरीक्षण वह्या चौदा आहेत. त्यातून क्षेत्रफळ-परिमितीच्या पाठांचे शेरे मी वेगळे काढलेत, साठ-पासष्ट पाठ. त्यातल्या चाळीसेक पाठांत छात्राध्यापकाने वर्गातली एकही वस्तू मोजलेली नाही, सगळे आयत फळ्यावरच आहेत. मला हे विचारायचंय की बाकीच्यांच्या वह्यांतही असंच आहे का, की मीच माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर आयत काढायला शिकवलं.